पाठमोऱ्या बाईचं वाक्य

ज्या वाक्यामुळे माझं नाव झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. "उद्या नाही अडवलंस, तर बघ हं!" मराठीत आणलेल्या एका तेलुगू सिनेमातली नायिका हे म्हणते. नायक तिच्या वाटेत मोटरसायकल आडवी घालतो, ती वळसा घालून चालू लागते आणि आपल्याकडे पाठ असताना लाडिकपणे हे बोलते. लग्नाच्या व्हिडिओंत, मोबाइलवरच्या रील्समध्ये, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हे वाक्य अनेकांनी ऐकलं असेल. काहींनी म्हटलंही असेल.

या वाक्याची जन्मकथा मी आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात लिहिली होती. लोकांना ती आवडली. गणपतीच्या कार्यक्रमात मला ती पुन्हा सांगायला लावली, तेव्हा सभागृह हसलं. त्या कथेत मी खोटं लिहिलं होतं. म्हणून त्याच अंकाकडे हा लेख पाठवतो आहे.

मी हैदराबादचाच. आमची इथली तिसरी पिढी. नोकरीभर शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाल्यावर अफझलगंजच्या ग्रंथालयात दुपारी वर्तमानपत्रं वाचत बसायचो. पुण्या-मुंबईहून इथे कंप्यूटरच्या नोकरीला आलेली मंडळी माझं मराठी ऐकून गालात हसतात. मी सहज "हौ" म्हणून जातो, "नक्को" म्हणून जातो. पण व्याकरणात मला कोणी धरू शकत नाही, असा माझा ताठा होता. मराठी वाहिन्या दक्षिणेतले सिनेमे घेऊ लागल्या आणि कृष्णानगरमधल्या एका लहानशा स्टुडिओला तेलुगू समजणाऱ्या मराठी लेखकाची गरज पडली, तेव्हा कोणीतरी माझं नाव सुचवलं. सत्तरीत मला नवं काम मिळालं. चिक्कडपल्लीहून मेट्रोने जायचो. वहीऐवजी लॅपटॉप घेतला. नातेवाइकांत सांगू लागलो, मी सिनेमात आहे.

डबिंगचं लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या ओठांची चाकरी. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले की आपल्या वाक्यातही प, ब, म असं काहीतरी यायला हवं. त्याचं तोंड बंद झालं की आपलं वाक्यही संपायला हवं. पण माणूस पाठमोरा असला की ओठ दिसत नाहीत. तिथे लेखक मोकळा. मूळ सिनेमात तो गप्प असला तरी आपण त्याच्या तोंडी काहीही घालू शकतो. मी या जागांची वाट बघायचो. मूळ लेखकाला सुचलं नाही ते मला सुचतं, असं त्या जागांवर दाखवता यायचं.

नायिकेचा आवाज द्यायला जी बाई यायची ती तेव्हा पस्तिशीची असेल. माहेर नांदेडकडचं, बौद्ध कुटुंब, वडील नोकरीनिमित्त हैदराबादला येऊन राहिलेले. ती एका हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी डबिंग. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन ती शाळेत असल्यापासून करत आलेली, त्यामुळे आवाज कमावलेला. तिचं नाव लिहीत नाही, तिनेच नको म्हटलं आहे. आपल्यातले बरेच जण ओळखतील.

ती मला "सर" म्हणायची आणि माझी खोडी काढायची. एकदा मी लांबलचक वाक्य लिहिलं होतं. ते बोलून झाल्यावर धापा टाकत म्हणाली, "सर, तुमची हिरॉइन मधे श्वासच घेत नाही. बाई आहे का पाणबुडी?" रेकॉर्डिस्टला अर्धंच समजलं, तरी तो हसला. मीही हसलो. तिचं म्हणणं बरोबर असायचं आणि तोवर मला ते चालायचं.

मग तो मोटरसायकलचा प्रसंग आला. रेकॉर्डिस्ट इथलाच, जुन्या शहरातला. काचेपलीकडून म्हणाला, "मास्टारू, इधर चार सेकंद का गॅप खाली जारा. होंठ नै दिखरे. कुछ बी डालो." मी वाक्य तयार ठेवलंच होतं. तिने ते वाचलं आणि हेडफोन काढून गळ्यात अडकवला.

"सर, मूळ सिनेमात ती इथं काय बोलते?"

"काही नाही. चालत जाते."

"मग जाऊ द्या की तिला."

"प्रेक्षक चॅनल बदलेल."

"चार सेकंदात? प्रेक्षकाला लघवीला लागलीय का?"

मी म्हटलं, "अगं, गंमत आहे. म्हण."

"मागच्या सीनमध्ये ती मैत्रिणीला सांगते, मला या माणसाची भीती वाटते. तुम्हीच लिहिलंय. आत्ताच बोलले मी ते. आणि आता उद्या पण अडव म्हणू?"

"लाडातलं भांडण असतं ते. सिनेमा आहे."

"सिनेमा आहे म्हणून तर म्हणते. आमच्या गल्लीतली पोरं पुस्तकं नाही वाचत सर, हेच बघतात." मग आवाज खाली आणून, अगदी नीट बोलली, "बाकी सगळं करते. हे वाक्य मी बोलणार नाही."

रेकॉर्डिस्ट माझ्याकडे बघत होता. जन्मभर वर्गात मुलींना "बस खाली" म्हणत आलेला माणूस मी. मी "बरं" म्हटलं आणि पुढच्या प्रसंगावर गेलो. तिला वाटलं विषय संपला.

ती गेल्यावर नायिकेच्या मैत्रिणीचा आवाज देणारी मुलगी आली. नवी होती, समोर ठेवलं ते वाचायची. मी तिच्याकडून ते वाक्य लाडिक करून घेतलं. रेकॉर्डिस्टने आवाज थोडा खाली घेतला, वर रस्त्याची गडबड घातली, आणि खूश होऊन म्हणाला, "मॅच हो गया मास्टारू. उनकी अम्मा बी नै पहचानती." मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मला ते वाक्य का हवं होतं याचा मी आता विचार करतो. त्या सिनेमाचा पहिला अर्धा भाग तो नायक त्या मुलीच्या मागे फिरतो. तिच्या ऑफिसबाहेर उभा राहतो, तिच्या भावाला मारतो, तिची वाट अडवतो. मूळ तेलुगू सिनेमाही काही धुतल्या तांदळासारखा नाही, पुढे तीही त्याच्या प्रेमात पडतेच. पण निदान त्या जागी ती काही न बोलता निघून जाते. तिथे लिहिताना मला अवघडल्यासारखं होत होतं. नायक गुंड वाटू लागला होता आणि त्याच्यावर खूश व्हायला मला संकोच वाटत होता. तो संकोच घालवायचा सोपा उपाय म्हणजे तिच्याच तोंडून सांगायचं की तिला हे हवंच आहे. एकदा तिने म्हटलं की त्याने केलेलं सगळं चालतं, आणि बघणाऱ्यानेही निवांत बसावं. मला सुचलेलं चटकदार वाक्य असं मी त्याला समजत होतो. खरं तर मी त्या मुलीकडून तिच्या नकळत परवानगी काढली होती, आणि ती घरोघरी वाटली होती.

सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा मी बायकोला शेजारी बसवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत बघत होती. ते वाक्य आलं आणि मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "इथं आवाज बदलला."

"काहीतरीच."

"आणि मघाशी भीती वाटते म्हणाली होती ना ही?"

"पुढे बघ की."

"बघते. तुम्ही लिहिलंय म्हणून बघते."

नायिकेच्या आवाजवालीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "सर, ती मी नाही." मी म्हटलं, मला काही कल्पना नाही, मिक्सिंगच्या वेळी कोणी केलं असेल. ती म्हणाली, "वाक्य तर तुमचंच आहे," आणि फोन ठेवला.

तिने स्टुडिओच्या मालकाकडे तक्रार केली. मालकाने मला विचारलं. त्यावर मी जे उत्तर दिलं ते आजपर्यंत बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "तिच्या भाषेच्या चुका काढल्या, त्याचा राग आहे. उच्चार शुद्ध नाहीत तिचे. गावठी वळण आहे. पुढच्या हिरॉइनला दुसरी बघा." मालक तेलुगू माणूस. मराठी उच्चार शुद्ध की अशुद्ध हे त्याला काय कळणार? मास्तर म्हणतात म्हणजे असेल. एवढं सांगितलं की काम होतं हे मला ठाऊक होतं. कोणत्या घरच्या माणसाबद्दल असं बोललं की ऐकणारा लगेच मान डोलावतो, हेही ठाऊक होतं. तिचे उच्चार स्वच्छ होते. आधीच्या दोन सिनेमांत तिचा आवाज मीच नावाजला होता. ज्याच्या स्वतःच्या बोलण्याला पुण्या-मुंबईचे लोक हसतात, त्याने तिच्या बोलण्याला नाव ठेवलं. तिला नंतर त्या स्टुडिओतून बोलावणं आलं नाही. हे क्षेत्र लहान आहे, बाकीच्यांनीही बोलावलं नाही.

आणि मग ते वाक्य गाजलं. अंकाच्या संपादकांनी मला लेख मागितला. मी लिहिलं की हे वाक्य बोलताना नायिकेचा आवाज देणाऱ्या आपल्या हैदराबादी मराठी भगिनीला हसू आवरेना, आणि तिने "सर, असं अजून एक लिहा ना!" अशी फर्माईश केली. तिचं नावही कौतुकाने छापलं. वाचकाला गोड शेवट हवा असतो, म्हणून मी तो दिला. तिने तो अंक वाचला असेल का, हा विचार मनात आला होता. मी तो बाजूला सारला.

या वर्षी एका रविवारी दुपारी ती आमच्या घरी आली. बायकोने दार उघडलं. मी आतून आवाज ओळखला आणि मला न्हाणीघरात जाऊन बसावंसं वाटलं. ती आत आली, उभीच राहिली.

"बस ना," मी म्हटलं.

"बसायला नाही आले सर. माझी मुलगी इंटरला आहे, बारावीत, इथेच चिक्कडपल्लीत क्लासला येते. तिच्या स्कूटीसमोर पोरं गाडी आडवी घालतात. मोबाइलवर तो सीन लावतात. म्हणतात, तुझी आईच सांगते, अडव म्हणून."

बायको पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"सिनेमात माझा आवाज आहे हे मीच कौतुकानं सगळ्यांना सांगितलं होतं. मुलीला म्हटलं, ते वाक्य माझं नाही गं. तर तिनं तुमचा लेख दाखवला. कुणीतरी पानाचा फोटो काढून पाठवलाय. तिला मराठी धड वाचता येत नाही सर. एकेक अक्षर लावून वाचला तिनं. म्हणाली, सर लिहितात तू हसलीस. छापलंय इथं. तू खोटं का बोलतेस?"

मी हात जोडले. चुकलं, म्हातारपणी बुद्धी फिरली, असं काहीतरी बोलू लागलो.

"ते नको सर."

"मी तिला आत्ता फोन करतो. मी सांगतो तिला."

"तिला वाटेल मीच सांगायला लावलं. फोन नको." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "जिथं लिहिलंत तिथंच लिहा."

तेव्हा बायको मधेच म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, आवाज बदललाय म्हणून."

ती एकदम बायकोकडे वळली. "काकू, तुम्हाला कळलं होतं?"

"हौ. लगेच कळलं. यांना विचारा."

मी मान हलवून हो म्हटलं. ती खुर्चीवर बसली. इतकी वर्षं तिचं कोणी ऐकून घेतलं नव्हतं आणि माझ्याच घरात एक साक्षीदार कपड्यांच्या घड्या घालत बसलेली होती. त्या दोघी बोलत राहिल्या, मुलीबद्दल, क्लासच्या वाटेबद्दल. क्लासच्या मॅडमना भेटून त्या पोरांचं काय करायचं ते त्यांनी आपसात ठरवलं. माझ्याशी कोणी बोललं नाही. चहा मी केला.

तिला निरोप देऊन आल्यावर बायको म्हणाली, "मी तेव्हा एकदाच बोलले आणि गप्प बसले. माझंही चुकलं." मला वाटलं ती माझा भार थोडा हलका करते आहे. लगेच म्हणाली, "पण माझं आणि तुमचं एक धरू नका."

मी लेख लिहायला बसलो. पहिला खर्डा दूरदर्शन, वाहिन्या, सिनेमातली स्त्री, बदलता समाज असा मोठा झाला. शाळेतल्या निबंधासारखा. तिने बजावलं होतं की छापायच्या आधी तिला ऐकवायचा. मी फोनवर वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "सर, यात तुम्ही कुठं आहात? सगळा समाजच दिसतोय. समाज आला होता का त्या दिवशी स्टुडिओत?"

तो खर्डा टाकून दिला. दुसरा लिहिला. त्यात मालकाला काय सांगितलं तेही लिहिलं. लिहिताना माझी समजूत होती की हे तिला कधीच कळलं असेल. फोनवर ते वाक्य वाचलं, उच्चार शुद्ध नाहीत, गावठी वळण आहे, आणि पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं लाईन कटली. "आहेस का?" असं मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं काम कमी झालं असेल. घरी बसून रोज मोठ्यानं वाचायचे, आवाज बसू नये म्हणून. कधीही बोलावतील म्हणून."

मी विचारलं, हे काढून टाकू का?

"काढू नका. हे तर ठेवाच."

मी पुढे वाचलं. शेवटी मी लिहिलं होतं की त्या रविवारी निघताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दारात वळून ती म्हणाली, जाऊ द्या सर, मी मोठ्या मनाने विसरले.

"सर," ती म्हणाली, "मी रडले नाही."

"नाही."

"आणि असं काही बोललेही नाही. मी चपला घातल्या आणि गेले."

तिचं बरोबर होतं. हातात पेन असताना, हाच लेख लिहिताना, मी पुन्हा तेच केलं होतं. मला सोडवणारं वाक्य तिच्या तोंडी घातलं होतं आणि ते मला खरंच आठवतं असंच वाटत होतं. मी दोन्ही ओळी खोडल्या. तिने क्षमा केली की नाही हे मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. विचारून तिला उत्तर द्यायला लावायचा मला हक्क नाही.

फोन ठेवण्याआधी तिने मुलीसाठी एक गोष्ट घालायला सांगितली, ती शेवटी घालतो. तिच्या मुलीला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून लहान वाक्यांत लिहितो.

बाळ, ते वाक्य तुझ्या आईचं नाही. ते मी लिहिलं. तुझी आई ते बोलायला नाही म्हणाली. ते दुसऱ्या मुलीने म्हटलं. तुझी आई हसली नव्हती. मी खोटं लिहिलं होतं. त्या सिनेमात नायिकेचा बाकी सगळा आवाज तुझ्या आईचा आहे. भीती वाटते म्हणते ती तुझी आई. भावासाठी भांडते ती तुझी आई. ते काम चांगलं झालं आहे.